निस्सही

टिकली जरा सरकली होती. लॅपटॉपच्या पडद्याच्या वरच्या काठावर, बरोबर मधोमध, कॅमेऱ्याच्या भोकावर त्रिशलानं लावलेली ती मरून टिकली डिंक सुकल्यामुळे एका बाजूनं उचलली गेली होती, आणि त्या उचललेल्या कडेखालून काळा ठिपका दिसत होता, अर्धवट मिटलेल्या डोळ्यासारखा... नाही, डोळा म्हणायचं नाही. डोळा म्हटलं की त्याच्यामागं कुणीतरी बघणारं आलं. तिनं बोटानं टिकली दाबली. ती बसली, आणि बोट काढल्यावर पुन्हा हळूच उठली.

लावली त्या दिवशी गोमटेश हसला होता. "त्याला दृष्ट लागंल म्हणून लावलीस व्हय?" असं म्हणाला होता, आणि तीही हसली होती – नवऱ्याच्या विनोदाला हसावं लागतं म्हणून नव्हे, विनोद खरंच चांगला होता म्हणून. अडचण तीच तर आहे. गोमटेश वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं! बायका सांगतात तसं रडून, भांडून, हुपरीला माहेरी जाऊन बसता आलं असतं, आणि माहेरच्यांनीही 'बस बाई' म्हटलं असतं. पण चांगल्या माणसापासून उठून कुठं जायचं, आणि जाऊन काय सांगायचं – की तो मला फार मदत करतो?

पडद्यावर पैंजण अर्धं होऊन पडलं होतं. हुपरीच्या एका कारखान्यासाठी ती लॅपटॉपवर पैंजणांचे नमुने काढून द्यायची. साखळीची वीण, मधली कडी, घुंगरांची जागा. आज सकाळपासून एक घुंगरू तिला नीट बसवता येत नव्हतं. हात तिथं होता, लक्ष नव्हतं. लक्ष शेजारच्या खिडकीत होतं, जिथं जयपूरच्या मेलला द्यायचं उत्तर अर्धवट लिहून ठेवलेलं होतं. आज संध्याकाळपर्यंत कळवा, असं त्यांनी लिहिलं होतं. येते किंवा येत नाही. चांदीच्या दागिन्यांचं मोठं काम करणारी संस्था, तिचे नमुने त्यांना आवडले होते, पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथं राहून काम करायचं, मग परत. बस, एवढंच. काही पळून जाणं नव्हतं ते. आणि तरी तिनं ते घरात कुणालाही सांगितलं नव्हतं.

का नाही सांगितलं? गोमटेश नको म्हणेल म्हणून? छे. तो नको म्हणणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तो म्हणेल, "थांब, मी करतो." मग तो त्या मेलमधली तिची इंग्रजी वाक्यं सरळ करील, तिकीट काढील, राहायची सोय बघील, तिथल्या माणसाशी फोनवर बोलून मोकळा होईल, आणि दोन दिवसांत जयपूर त्याचं होऊन जाईल, ती फक्त तिथं पोचवली जाईल, नीट पॅक करून. मला एकदा, एकदाच, माझ्या चुकांसकट कुठंतरी पोचायचं होतं.

आणि काल जेवताना तो म्हणाला, "जयपूरचं पाणी लई जड म्हणं. केस गळत्यात."

तिच्या हातातली भाकरी तशीच राहिली. तो आमटीत भाकरी कुस्करत होता, मान खाली. तिनं शक्य तितक्या सहज विचारलं, "आज जयपूर कुठनं काढलं तुम्ही?" त्यानं सांगितलं की ऑफिसातला विजयसिंह जाऊन आला, तो सांगत होता. एवढं साधं. माणसं जयपूरला जातात, परत येतात, पाण्याबद्दल बोलतात. पण मग तो आणखी एक घास खाऊन म्हणाला, "थंडी बी लई असती तिथं," आणि तिला वाटलं, हे विजयसिंहानं सांगितलेलं नव्हे. हे मला सांगितलेलं आहे.

वाटलं... तसं काय, वाटायला काहीही वाटतं. चोराच्या मनात चांदणं. पण यातला चोर कोण, हे कालपासून तिला ठरवता येत नव्हतं.

ते घुंगरू पकडून ती जागेवर नेत असताना पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात लाल चौकट उगवली. अँटिव्हायरसची. धोका सापडला आहे, असं ती सांगत होती, आणि धोक्याचं नाव पुढं लिहिलं होतं – ट्रोजन. हा शब्द तिला माहीत होता. बाहेरून कामाची वस्तू म्हणून घरात यायचं आणि आत शिरल्यावर दुसऱ्याच कुणाला दार उघडून द्यायचं, अशा प्रोग्रॅमला ते नाव. खाली दोन बटणं होती : काढून टाका, राहू द्या. आणि ज्या फाइलमध्ये धोका सापडला तिचंही नाव होतं. ते वाचून तिला दरदरून घाम फुटायला हवा होता, पण तसं काही झालं नाही. उलट सगळं अंग गार आणि शांत झालं, बऱ्याच दिवसांची शंका डॉक्टरनं बोलून दाखवावी तसं.

फाइल गोमटेशची होती.

म्हणजे त्यानं बसवलेल्या रिमोटच्या सॉफ्टवेअरची. तो गोकुळ शिरगावला एका कारखान्यात सगळे संगणक सांभाळायचा. कारखान्यात कुणाचा संगणक अडला की उठून जायचं नाही, आपल्या खुर्चीतूनच त्यात शिरायचं, पलीकडच्या माणसाच्या माउसचा बाण आपल्या हातानं फिरवायचा, दुरुस्त करायचं, बाहेर पडायचं – त्याचं कामच ते. लॉकडाउनच्या वर्षी ती घरून काम करायला लागली तेव्हा तिच्याही लॅपटॉपवर त्यानं तेच बसवलं. ती शेजारी चहाचा कप घेऊन बसली होती. शेवटी पडद्यावर प्रश्न आला : या संगणकाला दुरून जोडण्याची परवानगी द्यायची का? एकदाच, नेहमी, की नाही? आणि त्यानं – हे विसरता येत नाही – माउस तिच्या हातात दिला होता. "तूच दाब. तुझा लॅपटॉप हाय."

त्यानं विचारलं होतं. खरोखर विचारलं होतं. आणि मी काय म्हणाले? या घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणतात तेच म्हणाले. मामंजी दारात उभ्या राहिलेल्या दूधवाल्यालासुद्धा म्हणतात, पत्ता विचारायला आलेल्या अनोळखी माणसाला म्हणतात, 'या पावणं, घर तुमचंच हाय.' लग्न होऊन आले तेव्हा मलाही तेच म्हणाले होते. तर मीही म्हणाले, "त्यात विचारायचं काय? घर तुमचंच हाय," आणि 'नेहमी'वर दाबलं. 'एकदाच' दाबणं मला कंजूषपणाचं वाटलं. नवऱ्याला कुणी 'एकदाच' म्हणतं का?

ती लाल चौकटीकडं बघत राहिली. जुन्या नोंदी उघडल्यावर आणखी एक गंमत दिसली. हीच फाइल अँटिव्हायरसला आधीही दिसली होती, कितीतरी वेळा, पण तेव्हा त्यानं तिला 'दूरस्थ व्यवस्थापनाचे साधन' असं साळसूद नाव दिलं होतं आणि हिरवी खूण करून सोडून दिलं होतं. फाइल तीच. रात्रीतून अँटिव्हायरसनं धोक्यांच्या नव्या व्याख्या घेतल्या आणि सकाळी त्या साधनाचं ट्रोजन झालं. एवढ्यात फाइलनं काय केलं? काही नाही. नाव बदललं. तिला हसू आलं, कारण कालच्या जेवणापासून तिनं तरी दुसरं काय केलं होतं?

साधन आणि ट्रोजन यांत फरक काय, ते तिनं नेटवर शोधलं. शोधताना मनात आलं की हे शोधणंही याच पडद्यावर चाललंय, दिसायचं असेल तर हेही दिसेल. फोनवर शोधावं तर फोनही त्यानंच लावून दिलेला. म्हणजे सरळ शोधलेलंच बरं. कुठल्याशा चर्चेत एका माणसानं लिहिलं होतं – दोन्हींत फरक नाही, दोन्ही तेच करतात, तुम्ही बसवलं असेल तर साधन आणि तुमच्या नकळत दुसऱ्यानं बसवलं असेल तर ट्रोजन. त्याखाली कुणीतरी विचारलं होतं, मी परवानगी दिली पण कशाकशाची दिली ते मला कळलं नव्हतं, तर मग काय? त्याला कुणी उत्तर दिलेलं नव्हतं.

काढून टाकावं. एक बटण. पण गोमटेशच्या पडद्यावर त्यानं सांभाळलेल्या सगळ्या संगणकांची रांग असते, तिनं पाहिली होती, प्रत्येकाच्या नावापुढं एक हिरवा ठिपका, आणि त्या रांगेत सगळ्यात वर 'घर'. तिनं काढून टाकलं की तो ठिपका करडा होणार. तो बघत नसेल, कधीच बघत नसेल, तर तिनं एका निर्दोष माणसाच्या तोंडावर दार आपटलं असं होईल, आणि त्याला काय वाटेल ते तिला आत्ताच दिसत होतं. तो संध्याकाळी येईल, बूट काढताना नेहमीपेक्षा जास्त वेळ लावील. आणि बघत असेल, तर त्याला कळेल की तिलाही कळलंय. राहू द्यावं, तर राहिलंच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि मारणाऱ्यानं मारलंय की नाही तेही नक्की नाही.

शेवटी रोज करते तेच तिनं केलं. त्याला फोन लावला.

"अगं काय न्हाय, ते आपलंच हाय," तो म्हणाला. मागं यंत्रांची घरघर ऐकू येत होती. "त्या अँटिव्हायरसला काय कळतंय? थांब, मी करतो."

"सांगा ना मला, मी दाबते."

"कशाला? दोन मिनिटांचं काम. मी आलोच."

आणि तो आला. तिच्या हाताखालचा बाण थरथरला आणि चालू लागला. हा क्षण तिला कधीच सवयीचा झाला नव्हता... हात माउसवर असतो, बोटांना वाटत असतं आपणच चालवतोय, आणि बाण मात्र भलत्याच दिशेला निघतो, ठामपणे, रस्ता माहीत असलेल्या माणसासारखा. मग आपण माउस सोडतो. हात मांडीवर ठेवतो. फळ्यावरचं गणित चुकलं म्हणून बाजूला बसवल्यावर शाळेत ठेवायचो तसे.

मागच्या वर्षी सगळे नमुने उडाले होते तेव्हाही ती अशीच बसली होती. त्यानं जेवणाची सुट्टी सोडून तिकडून एकेक नमुना परत आणला होता, प्रत्येक पैंजण पडद्यावर उमटताना ती रडत होती, आणि तो फोनवर म्हणत होता, "रडतीस काय येड्यागत, हाय की मी." ते रडू खरं होतं. ती कृतज्ञताही खरी होती. आजही आहे. तीच मला सगळ्यात जास्त जखडते.

बाण लाल चौकटीवर गेला. तपशील उघडले. ही फाइल नेहमीसाठी सोडून द्या, असं काहीतरी होतं तिथं खूण केली. मग परत येताना तो वरच्या पट्टीवरून गेला, उघड्या खिडक्यांच्या नावांवरून, आणि एका नावावर थांबला. ते नाव होतं 'जयपूर – उत्तर'.

थांबला? की तो बाण तिथून जाताना नेट क्षणभर अडकलं? नेट अडकतं. उसाच्या ट्रॉल्या गल्लीतून जायला लागल्यापासून कुठली ना कुठली तार रोज तुटते. फोनवर यंत्रं घरघरत होती. मग बाण खाली उतरला आणि पैंजणावर आला, आणि तिचं ते न बसणारं घुंगरू त्यानं उचललं आणि जागेवर नेऊन ठेवलं. अगदी बरोबर.

"झालं बघ," तो म्हणाला. "ते घुंगरू बी तिरकं होतं."

"अहो," तिनं विचारलं. "विजयसिंह भावजी कधी गेलते जयपूरला?"

"कोण, विजय? तो..." पलीकडं कुणीतरी त्याला हाक मारली. "आलो, आलो! – मागच्या म्हैन्यात की. का गं?"

"काही नाही. सहज."

"ठेवतो."

तो निघून गेला. म्हणजे बाण तिच्या हातात आला. तो गेला की नाही हे तिला कधीच कळत नसे. फोन ठेवल्याचा आवाज होतो, तिथून निघाल्याचा आवाज होत नाही. तिनं ते घुंगरू उचललं आणि पुन्हा तिरकं ठेवलं. मग स्वतःचीच लाज वाटली आणि सरळ केलं.

दुपारी ओट्यावर उभी असताना धाकट्या बहिणीचा फोन आला. मोना हुपरीतच दिलेली, तोंडानं फटकळ, मनात काही ठेवायचं नाही. तिला सगळं नाही, नुसतं लॅपटॉपचं सांगितलं. मोना म्हणाली, "मग काढून टाक की! भीक नको पण कुत्रं आवर म्हणावं."

"अगं, पण तो कुत्रा नाहीये."

"मग काय हाय?"

कुकरची शिट्टी झाली, त्रिशलानं गॅस बारीक केला. "मग इचार की सरळ भावजींना, बघताय का म्हणून," मोना म्हणाली. विचारता येईल. तो म्हणेल, नाही. खरं असलं तरी नाही म्हणेल आणि खोटं असलं तरी नाहीच म्हणेल, आणि त्या नाहीनं माझं काहीच भागणार नाही. फक्त यापुढं तो जयपूरच काय, कुठल्याही गावाचं नाव घेताना एकदा माझ्या तोंडाकडं बघेल. विचारल्यानंतर न विचारलेलं होता येत नाही.

बाहेरच्या खोलीत मामंजी कुणाशी तरी मोठ्यानं बोलत होते. शिरोळचं त्यांचं रान बघणारा कृष्णात आला होता, गुळाची ढेप घेऊन. दार उघडंच होतं, तरी तो उंबऱ्याबाहेर थांबून विचारत होता, "आप्पा, येऊ का?"

"ये की मर्दा, इचारतोस काय? घर तुझंच हाय."

"तसं न्हवं, पण वैनी घरात हैत का बघाया नगं?"

तो आत आला. चपला बाहेर, ढेप दारामागं, आणि स्वतः दाराजवळच्या खुर्चीवर, जिथून स्वयंपाकघर दिसत नाही. तहान लागली तेव्हा हाक मारली, "वैनी, पाणी मिळंल का वाईच?" ती तांब्या घेऊन गेली तेव्हा तिला एकदम जाणवलं की हा माणूस कितीतरी वर्षं या घरात येतोय, दर वेळी मामंजी त्याला म्हणतात घर तुझंच आहे, दर वेळी तो मान डोलावतो, आणि ते 'तुझंच' कुठपर्यंत आहे हे दोघांनाही इंचाइंचानं ठाऊक आहे. ते कधी कुणी बोललेलं नाही. बोलायचं नसतंच, म्हणून तर तोंड भरून 'तुझंच' म्हणता येतं. मशीनला हे कुठून कळणार? त्यानं माझं म्हणणं शब्दाला शब्द धरलं. नेहमी म्हणजे नेहमी.

पण गोमटेश तर मशीन नव्हे. तो याच घरात वाढला. त्याला कळायला हवं होतं. तिला फार वाईट वाटलं, तो तांब्या धरून उभी असतानाच. राग नाही, वाईट. तो बघत असेल यापेक्षाही त्याला ही 'कुठपर्यंत'ची रेघ दिसतच नसेल, याचं.

ऊन उतरल्यावर मामंजींना बस्तीत न्यायचं होतं. गल्लीच्या टोकाला बस्ती, त्यांचं जैन मंदिर. सकाळी गुडघा धरला होता म्हणून त्यांचं दर्शन राहिलं होतं, आणि दर्शनाशिवाय संध्याकाळी जेवणार नव्हते, आणि जेवण दिवस मावळायच्या आत. ती त्यांचा हात धरून निघाली. पायऱ्यांशी त्यांनी पाय धुतले, आणि उंबरा ओलांडताना दोघांच्याही तोंडून एकदमच निघालं, सवयीनं, "निस्सही, निस्सही, निस्सही."

लहानपणी तिनं आणि मोनानं आईला विचारलं होतं, असं का म्हणायचं? दार उघडं आहे, आत कुणी नाही, मग सांगायचं कुणाला? आई म्हणाली होती, "आपल्याला दिसत नाहीत असे कुणी आत दर्शनाला बसलेले असतात. आपण येतोय हे त्यांना कळायला हवं. मग ते बाजूला सरतात." मोनानं विचारलं होतं, आणि कुणी नसलंच तर? आई म्हणाली होती, "तरीपण म्हणायचं." जाताना म्हणायचा शब्द वेगळा, अस्सही, निघालो म्हणून. येताना सांगायचं, निघताना सांगायचं. बस, एवढंच तर हवं होतं मला! आलो म्हणावं, निघालो म्हणावं. देवाच्या दारात एवढ्या मोठ्या आवाजात म्हणतो गोमटेश, आणि माझ्या...

मामंजी डोळे मिटून पुटपुटत होते. तिनं हात जोडले, पण डोळे मिटले नाहीत. मूर्तीचे डोळे अर्धे मिटलेले होते. या घटकेला तिला कुणाचेच अर्धे मिटलेले डोळे नको होते. ती फरशीकडं बघत उभी राहिली.

घरी आल्यावर तिनं मामंजींसाठी खिचडी टाकली आणि लॅपटॉपसमोर येऊन बसली. खिडकीतून तिरपं ऊन पडद्यावर आलं होतं. टिकली अजून होती, एका कडेवर. जयपूरचं उत्तर उघडलं. 'आपला निरोप मिळाला', एवढंच वाक्य झालं होतं, आणि पुढं बाण उभा होता. स्थिर. कुणीतरी कान देऊन थांबल्यासारखा – की नुसता बाण, जसा बाण असतो तसा. ती लिहायला गेली आणि बोटं कीबोर्डवर टेकण्याआधी तिच्या तोंडून, अगदी हळू, पण स्पष्ट, निघून गेलं :

"निस्सही, निस्सही, निस्सही."

आणि ऐकून तिचं तिलाच चर्र झालं. हा तर बाहेरून येणाऱ्यानं म्हणायचा शब्द. हे टेबल तिचं, हे पैंजण तिचं, हे अर्धं वाक्य तिचं, आणि ती दारात उभी राहून, पाय धुऊन, आत येऊ का म्हणून विचारत होती! कधीपासून? आजच नव्हे. कितीतरी दिवस ती असंच काहीतरी पुटपुटत या खुर्चीत बसत आलीय, लिहिण्याआधी थांबतेय, शोधण्याआधी थांबतेय, पाहुण्यासारखी काठावर बसतेय, हे उघडू का, हे वाचू का, हे मनात आणू का... त्यानं बघितलं असेल वा नसेल. मी मात्र रोज त्याच्या डोळ्यांनी माझ्याकडं बघत आलेय. ती फाइल लॅपटॉपमध्ये होती. दुसरी कुठं होती ते आत्ता कळलं, आणि तिच्यासाठी कुठलंही बटण नव्हतं.

तिला राग आला. सकाळपासून पहिल्यांदा, स्वच्छ राग. गोमटेशचा, स्वतःचा, त्या घरभर वाटलेल्या गोड 'तुमचंच'चा. आणि त्या रागातच आईचं ते दुसरं वाक्य आठवलं. कुणी नसलंच तर? तरीपण म्हणायचं. म्हणजे आत कुणी आहे की नाही हे कळेपर्यंत कुणी दारात उभं राहत नव्हतं. कळणारच नव्हतं ते कधी. म्हणायचं आणि आत पाऊल टाकायचं. बाजूला व्हायचं असेल त्यानं व्हावं.

तिनं टिकली काढली. डिंक संपलाच होता, नखानं अलगद निघाली. काळा ठिपका पूर्ण उघडा झाला आणि ती त्याच्याकडं सरळ बघत राहिली. मग टिकली कपाळाला लावून बघितली. राहिली नाही, गळून कीबोर्डवर पडली.

'आपला निरोप मिळाला' याच्यापुढं तिनं लिहायला घेतलं. इंग्रजी चुकत होतं. एक शब्द दोनदा आला, तो तसाच ठेवला. मध्येच बाण किंचित हलला, केसभर. तिचा उजवा हात माउसला लागून होता, मनगटाचा धक्का लागला असेल... नसेल. हात उचलला असता तर कळलं असतं. एवढं सोपं होतं ते. तिनं हात उचलला नाही.

"त्रिशला," आतून मामंजींनी हाक मारली, "दिस बुडायला आला की गं. ताट करतीस न्हवं?"

"आले," ती म्हणाली, आणि पुढचा शब्द लिहिला.